एक वाक्य बाकी

ब्रह्मपुरीच्या बस स्टँडसमोरच्या गल्लीत, रसवंतीच्या वरच्या मजल्यावर, श्रीहरी रामटेके यांची टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. तीस वर्षं झाली तिला. आरमोरीची, वडसाची, पार अहेरीकडची पोरं इथं खोली करून राहिली, मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या मराठी टायपिंग परीक्षा पास झाली आणि तहसिलीत, वनविभागात, जिथं म्हणून खुर्ची मिळाली तिथं जाऊन बसली. गडचिरोलीकडं कुठल्याही कचेरीत सर शिरले की एखादा कारकून उठून "सर, बसा" म्हणायचाच. या गोष्टीचा सरांना भारी अभिमान होता. माणसाला एखाद्या गोष्टीचा अभिमान असावा, पण तो घरी घेऊन येऊ नये. सरांनी तो घरी आणला.

त्यांची एकुलती एक लेक माधवी. सातवीत असताना ती टाइपरायटरवर बसली आणि दहावीला येईपर्यंत बापाच्या वेगाला वेग भिडवायला लागली. बी.एस्सी. केलं, परीक्षा दिली आणि गडचिरोलीला एका कचेरीत कनिष्ठ लिपिक झाली. सरांनी अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. वर्ष व्हायच्या आत पोरीनं राजीनामा दिला आणि हैदराबादच्या एका संस्थेत जायचं ठरवलं. तिथं पाचपन्नास माणसं मिळून कॉम्प्युटरची सॉफ्टवेअरं बनवत आणि ती जगाला फुकट वाटत. नुसती वाटत नव्हते, कशी बनवली तेही उघडं ठेवत, ज्याला हवं त्यानं पाहावं, सुधारावं, पुढं द्यावं.

"सरकारी खुर्ची सोडून फुकट वाटाले चालली तू?" सरांनी विचारलं होतं.

"बाबा, मले पगार आहे. वस्तू फुकट आहे."

"राजीनामा मागं घे. घेशीन तवाच या घरात पाय ठेव."

"मंग नाई येत," माधवी म्हणाली होती, आणि बॅग उचलून चंद्रपूरच्या गाडीत बसली होती.

हे चार वर्षांपूर्वीचं. बाप बोलला नाही, लेक आली नाही. अडेलपणात दोघं एकमेकांचे पुरते वारस होते.

केसरबाईंचं, म्हणजे माधवीच्या आईचं, मात्र लेकीशी रोज संध्याकाळी बोलणं व्हायचं. त्या अंगणात फोन घेऊन बसत आणि सर आत पेपर उघडून बसत. पेपराच्या एकाच पानावर त्यांना पाऊण तास लागे. बोलणं संपलं की केसरबाई आत येऊन भिंतीकडं बघत म्हणत, "सर्दी झाली म्हणते. अद्रकाचा चहा घे म्हटलं."

"मी विचारलं का?"

"मी तुम्हाले सांगून राह्यली का?"

आणि सर पान उलटत. पण त्या रात्री जेवताना त्यांचा घास दोनदा अडे आणि सर्दी उतरल्याची बातमी भिंतीला कळेपर्यंत त्यांचं कशात लक्ष लागत नसे.

इन्स्टिट्यूटमध्ये सहा कॉम्प्युटर होते, सहाही जुने. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मान टाकायला सुरुवात केली. नवी सिस्टीम त्यांच्यावर चढेना आणि जुनी चालेना. शिकवायला मदतीला असलेली आरमोरीची रिना म्हणाली, "सर, एक नवीन सिस्टीम बनून राह्यली आहे. सारस नाव आहे. जुन्या मशीनसाठीच आहे म्हणते, आन् मराठीत येनार आहे. तिच्यातलं एकएक वाक्य लोकंच मराठीत करून राह्यले. आपल्यालेही करता येते."

तिनं ते पान उघडून दाखवलं. डावीकडं इंग्रजी वाक्यं, उजवीकडं रिकाम्या चौकटी. एकानं मराठी लिहायचं, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचं, अशी रीत. वर लिहिलं होतं: मराठी समन्वयक, माधवी श्रीहरी रामटेके.

सर बराच वेळ त्या ओळीकडं पाहत राहिले. पोरीनं बापाचं घर सोडलं, पण बापाचं नाव मधोमध तसंच ठेवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, कुठला सरकारी फॉर्म नव्हता, तरी ठेवलं होतं. त्यांना एकदम खूप उकडल्यासारखं झालं आणि त्यांनी रिनाला पंखा वाढवायला सांगितलं.

"मायं नाव नोंदव," ते म्हणाले. "पुरं नाव लिही. लपवाचं काई नाई."

पहिल्याच दिवशी त्यांनी वीस वाक्यं केली. तीस वर्षं शासकीय उतारे शिकवलेला माणूस, तशाच जड सरकारी मराठीत केली. दुसऱ्या दिवशी विसांपैकी सतरा परत आली. प्रत्येकाखाली समन्वयकाचा शेरा होता. पहिला असा होता: "महोदय, आपल्या सहभागाबद्दल आभार. पण हे ब्रह्मपुरीच्या बस स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला समजेल का?"

सरांनी शेरा तीनदा वाचला. मग खाली लिहिलं: "समजणार नाही. बदल केला आहे. कृपया तपासावे."

असं ते सुरू झालं. हा अनुवादक कोण आहे हे माधवीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे सरांनाही माहीत होतं. पण दोघांनीही तोंडातून ब्र काढला नाही. ती महोदय लिही, ते समन्वयक महोदया लिहीत, आणि दोघं वाक्यांवरून भांडत. संचिका की फाइल यावर चार दिवस काढले. सर हरले आणि त्या दिवशी घरी जाताना त्यांनी केसरबाईंसाठी अर्धा किलो जिलेबी नेली. कशाची म्हणून विचारलं तर म्हणाले, ताजी दिसली.

एकदा त्यांनी एका दिवसात दोनशे वाक्यं धाडली. शेरा आला: "सलग इतकं काम करू नये. डोळ्यांना विश्रांती द्यावी. ही सूचना सर्व अनुवादकांसाठी आहे." मराठीचे सगळे मिळून अनुवादक तीन होते आणि त्यातल्या दोघांनी मागच्या दिवाळीपासून एक चौकट भरली नव्हती. सरांनी त्या दिवशी खरंच चष्मा काढून दोन तास डोळे मिटून घेतले. रिनाला वाटलं त्यांना बरं नाही.

जी वाक्यं पहिल्या फेरीत मंजूर होत ती त्यांना आवडेनाशी झाली. मंजूर म्हणजे एक हिरवी खूण, शब्द नाही. म्हणून मग सर मधूनमधून मुद्दाम एखादी चूक ठेवायला लागले. परीक्षेत एका चुकीला मार्क कापणारे सर. पोरांच्या चुकांवर तीस वर्षं लाल पेन चालवलं आणि आता स्वतः चुका पेरत होते, कशासाठी, तर "महोदय, येथे लक्ष द्यावे" एवढी एक ओळ यावी म्हणून. माणूस लेकीच्या शब्दासाठी इतका भुकेला असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि हे सांगायला त्यांच्याजवळ कोणी नव्हतं.

दोन वर्षांत चौदा हजार वाक्यं झाली. सारसच्या लोकार्पणाची तारीख ठरली. त्या दिवसाआधी ज्या भाषेची सगळी वाक्यं पुरी होतील तिलाच पहिल्या आवृत्तीत जागा मिळणार होती, बाकीच्यांनी पुढच्या वर्षी यावं. रिना रोज आकडा फळ्यावर लिही. दोनशे बाकी, ऐंशी बाकी, बारा बाकी. पोरं टाळ्या वाजवत. सर मात्र गप्प गप्प होत गेले, कारण शेवटचं वाक्य मंजूर झालं की ते पान बंद होणार होतं. मग ते कुणाला लिहिणार, आणि कोणत्या तोंडानं?

शेवटी एक वाक्य उरलं. अर्थ इतकाच होता, की कीबोर्ड बदलला आहे. चौदा हजारांतलं सगळ्यात सोपं. ज्या माणसाचा जन्म कीबोर्डवर गेला त्याला ते झोपेत जमलं असतं. सरांनी चौकट उघडली, पाहिली आणि बंद केली.

"सर, एकच राह्यलं," रिना म्हणाली.

"करतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की लाइट गेली होती. तिसऱ्या दिवशी मान दुखत होती. चौथ्या दिवशी त्यांनी रिनालाच झापलं, की तू तुया कामाकडं पाह्य. समन्वयकाचा शेरा आला नाही. घाई करा असंही कोणी लिहिलं नाही. तारीख जवळ आली आणि एका सकाळी पानावर दिसलं की ती पुढं ढकलली आहे. सरांना वाटलं, मोठ्या लोकांचं काहीतरी राहिलं असेल. त्यांना बरंच वाटलं. दोन दिवसांनी ती पुन्हा ढकलली गेली, आणि मग आणखी एकदा.

अकराव्या दिवशी संध्याकाळी केसरबाई फोन ठेवून आत आल्या. या वेळी त्या भिंतीशी बोलल्या नाहीत. सरांच्या हातातला पेपर त्यांनी काढून घेतला.

"पोरगी बराबर जेवून नाई राह्यली. दोन वर्षाचं काम आहे म्हणते, एका जागी अडकलं. कोनं अडवलं म्हनून विचारलं तं सांगत नाई. तुम्हाले मालूम आहे का कोन?"

सरांनी पेपर परत घ्यायला हात पुढं केला.

"चार साल मी काई म्हटलं नाई," केसरबाई म्हणाल्या. "पन तिचं काम कोनी अडवत असन, तं मी त्याले सोडनार नाई. मंग तो कोनी का असंना." आणि त्या भात टाकायला निघून गेल्या.

सर तसेच बसून राहिले. आपण काय करतो आहोत ते त्यांना आता सरळ दिसलं. चार वर्षांपूर्वी पोरीच्या कामाच्या आडवं आलो होतो, तेव्हा रागानं. आता मायेनं आलो. पोरीला त्यात काय फरक? दोन्ही वेळा बापच आडवा. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते जेवायला न थांबता चपला घालून इन्स्टिट्यूटकडं गेले.

सायंकाळची बॅच सुटत होती. पोरं जिन्यावरून उतरत होती, सर वर चढले. कोपऱ्यातल्या मशीनवर बसून त्यांनी चौकट उघडली. "कीबोर्ड बदलला आहे." तीन शब्द. या वेळी चूक ठेवली नाही. पूर्णविरामावर बोट काही क्षण थांबलं, मग त्यांनी तो दिला आणि वाक्य धाडून दिलं.

मिनिटभरात हिरवी खूण आली. तिच्याखाली शेरा होता: "मंजूर. मराठीची सर्व वाक्यं पूर्ण झाली. आभार." पुढं काही असेल म्हणून ते थांबले. महोदय नव्हतं, नाव नव्हतं. थोड्या वेळानं पान राखाडी झालं आणि चौकटींवर कुलूप दिसू लागलं. सरांनी मशीन बंद केलं, खिडक्या लावल्या. गल्लीत उतरल्यावर त्यांना घराकडं जायचं की स्टँडकडं हे क्षणभर कळेना. इतकं रितं त्यांना माधवी गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी सोबतीला राग होता.

लोकार्पण पुढच्या रविवारी झालं. जगभर लोक आपापल्या गावात ते साजरं करणार होते, म्हणून रिनानं ब्रह्मपुरीतही करायचं ठरवलं. पोरांनी पताका लावल्या. एकानं नारळ आणला होता. रिना म्हणाली, "नारळ चटणीले ठेव. आपल्या इथी मेणबत्ती लावतात." बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं केसरबाईंनी मेणबत्ती लावली. त्या पहिल्यांदाच जिना चढून वर आल्या होत्या. मग सहाही मशीनवर एकदम सारस सुरू झालं आणि पडद्यावर मराठी उमटलं, सगळं मराठी, इंग्रजीचा शब्द शोधावा लागेल इतकं. अहेरीची एक पोरगी वाचता वाचता म्हणाली, "सर, हे तं आपन बोलतो तसंच आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर हसले. त्यांनी पोरांना चिवडा वाटला, दोन शब्द बोलले, त्यात समन्वयकांचे आभार मानले, आणि मध्येच थांबून पाणी प्यायले.

पोरं गेल्यावर रिना फोटो धाडायला बसली. सारसची माणसं जिथं आपसांत चर्चा करतात ते पान तिनं पहिल्यांदाच उघडलं. ते इंग्रजीत होतं, म्हणून या दोन वर्षांत सर तिकडं कधी फिरकले नव्हते. फोटो कुठं टाकायचा ते शोधता शोधता ती थांबली आणि मागं मागं वाचत गेली.

"सर," ती म्हणाली, "लोकार्पण काऊन लांबलं मालूम आहे का?"

"मोठ्या लोकाईचं काई राह्यलं असन."

"नाई. आपल्या वाक्यासाठी लांबलं."

सर खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. केसरबाई दारापाशी केरसुणी घेऊन उभ्या होत्या, त्याही थांबल्या.

रिनानं बोट ठेवून एकेक ओळ मराठीत करून सांगितली. मुख्य माणसानं विचारलं होतं, मराठीचं एकच वाक्य उरलंय, समन्वयकाला ते भरायचा अधिकार आहे, मग मिनिटाचं काम, भरून टाक. त्यावर माधवीनं उत्तर दिलं होतं. रिना वाचायला लागली.

"ती म्हणते, हो, मी भरू शकते. पण ते वाक्य ज्यांच्याकडं आहे ते माझे वडील आहेत. त्यांनी मला टाइप करायला शिकवलं. चार वर्षं आम्ही बोललेलो नाही, या वाक्यांच्या खालीच जे काय बोलतो ते बोलतो. हे संपलं की त्यांना मला लिहायला जागा उरणार नाही, म्हणून ते संपवत नाहीयेत. मला हे माहीत आहे, कारण मीसुद्धा चांगली वाक्यं उगाच परत पाठवली आहेत. मी ते भरलं तर त्यांना वाटेल मला घाई झाली होती. मला घाई नाही. मला थोडे दिवस द्या."

खालून रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"आन् मंग?" केसरबाईंनी विचारलं.

"मंग बाकीच्याईनं लिहिलं. कुठचे कुठचे लोकं आहेत. एक म्हणते, माझ्या वडलांशी मी नऊ वर्षं बोललो नाही, आता ते नाहीत, थांबा. मुख्य माणसानं लिहिलं, थोडे नको, लागतील तितके घ्या." रिनानं डोळे पुसले. "सर, हे सगळं उघडं आहे. सगळ्या जगाले मालूम होतं. आपल्यालेच नाई."

सरांनी चष्मा काढला. पुसला, घातला, परत काढला. चुका पेरून ज्या शब्दांची वाट पाहिली ते शब्द पलीकडूनही तसेच उगाच धाडलेले होते, आणि हे दोन वर्षं चालू असताना पेपराआड तोंड लपवून ते स्वतःला कडक बाप समजत होते. त्यांना रडू आलं आणि ते बायकोसमोर, रिनासमोर रडले.

मग त्यांनी रिनाला उठायला सांगितलं. "इथी लिहाचं कसं?"

"खाली जागा आहे, सर. पण इथं लिहिलं तं सगळे वाचतीन."

"वाचू दे. तिनं सगळ्याईसमोर लिहिलं."

ते कीबोर्डवर वाकले. पन्नासच्या वेगाचा माणूस, पण एकेक अक्षर शोधून मारावं तसा मारत होता. पडद्यावर उमटलं:

"मी श्रीहरी रामटेके, ब्रह्मपुरी. माधवीचा बाप. अकरा दिवसांचा उशीर माझ्यामुळे झाला, सर्वांची क्षमा मागतो. चार वर्षांचा उशीरही माझ्यामुळेच झाला. त्यात तिची काही चूक नाही. माधवी, तू करते ते काम मोठं आहे. मी आज डोळ्यांनी पाहिलं. घरी ये. नाही जमत तर आम्ही येतो."

रिनानं ते वाचलं. "सर, हे लोकं मराठी वाचत नाईत. इंग्रजीत करून देऊ का मी?"

"नोको," सर म्हणाले. "ज्याले समजाचं त्याले समजते. बाकीच्याईनं विचारलं तं माधवी सांगन त्याईले, तिच्या बापानं काय लिहिलं ते." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ते धाडलं.